फोन उलटा ठेवू नका

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कापून:

"नमस्कार ताई. मी ५१ वर्षांची आहे, सरकारी नोकरीत. रोज बदलापूर ते सीएसएमटी करते. लग्नाआधी वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे, पुढे संसारात सगळं सुटलं. लॉकडाऊनमध्ये फोनवर एक अ‍ॅप मिळालं आणि इंग्रजी वाचायची सवय लागली. आधी लांडगा होणाऱ्या माणसांच्या प्रेमकथा, मग व्हॅम्पायरच्या, आणि आता दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्यासुद्धा. या शेवटच्या मला फार आवडतात. परवा गाडीत शेजारच्या मैत्रिणीने फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाली, 'या वयात हे?' तेव्हापासून कोणी जवळ आलं की फोन उलटा ठेवते. मला काही झालंय का? बी.ए. मराठी आहे मी, हे काय वाचतेय असं माझं मलाच वाटतं. दुसरं म्हणजे, माझ्या बहिणीचा मुलगा २६ वर्षांचा आहे. लग्नाचा विषय निघाला की उठून गच्चीत जातो. ही पुस्तकं वाचताना सारखा तोच डोळ्यांपुढे येतो. त्याला यातलं एखादं द्यावं का? आणि मराठीत असं काही आहे, की हे सगळं तिकडचंच?
– लेडीज डब्यातली एक"

प्रिय मैत्रीण,

तुम्हाला काहीही झालेलं नाही. एवढ्यावर थांबले असते, पण तुम्ही बी.ए. मराठीचा दाखला जोडलात, म्हणून जरा लांबवते.

या वाचनात तुम्ही एकट्या मुळीच नाही. दोन पुरुषांच्या प्रेमकथा आवडीने वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बायका जगभर आहेत. जपानमध्ये १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या तरुण चित्रकथाकार बायकांनी मुलींसाठी निघणाऱ्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या गोष्टी काढल्या, आणि त्यातून एक अख्खा साहित्यप्रकार उभा राहिला. आज तुमची भाची-पुतणी ज्या थायलंडच्या मालिका बघते, त्या याच वाटेवरच्या. बायकांना हे का आवडतं यावर पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली आहे. माझं उत्तर घरगुती आहे. या गोष्टींत स्वयंपाक कोण करणार हे आधीपासून ठरलेलं नसतं. स्त्री-पुरुषाच्या प्रेमकथेत नायिका आली की आपण तिच्या जागी जाऊन बसतो, आणि बसलो की हिशेब सुरू: ही नोकरी सोडेल का, याची आई कशी असेल, हा आत्ता एवढा गोड बोलतोय पण पुढे? दोन पुरुष समोर असले की हा हिशेब डोक्यात येत नाही. नुसतं प्रेम वाचता येतं. पंचवीसेक वर्षं संसार केलेल्या बाईला ती चैन वाटली तर नवल काय.

आता दर्जाचा प्रश्न. प्रेमकथा वाचणाऱ्याला आपल्याकडे नेहमीच थोडं खाली बसवलेलं आहे. फार लांब जायला नको. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला, हायकोर्टात लेखकाला दंड झाला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता, की कादंबरीत शरीरसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती अश्लील ठरवायची झाली तर तरुण मुलांना केवळ धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील. लेडीज डब्यात कोणी पुन्हा वय काढलं तर हा निकाल ऐकवा. सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलं की माणसं जरा सरकून बसतात.

पण खरं सांगू, 'हे वाङ्मय आहे का' यापेक्षा मला तुमच्या पत्रातलं एक वेगळंच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिलंयत की या शेवटच्या फार आवडतात. माझा अंदाज आहे की त्या गोड संपतात म्हणून आवडतात, आणि नेमकी त्याचीच तुम्हाला लाज वाटते. गोड शेवट म्हणजे हलकं, रडवणारं ते अभिजात, हे बी.ए.ला आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. स्त्री-पुरुषांच्या गोष्टींपुरतं ते एक वेळ चालवून घेऊ. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या गोष्टीत गोड शेवटासाठी लेखकांना काय मोजावं लागलं ते पाहिलं तर त्याला हलकं म्हणवत नाही.

तुमच्या व्हॅम्पायरपासूनच सुरुवात करू. ड्रॅक्युला १८९७चा. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८७२ साली, शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' पुस्तकात आली. त्यात व्हॅम्पायर बाई आहे, आणि ती एका तरुण मुलीवर जीव टाकते. मिठ्या, चुंबनं, 'तू माझी आहेस' हे सगळं त्यात उघड उघड आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे छापलं कसं गेलं? कारण ती बाई माणूस नव्हती. हडळीने केलं तर चालतं. शेवटी तिच्या छातीत खुंटी ठोकतात, मुंडकं उडवतात, देह जाळतात, आणि वाचक निर्धास्त झोपायला जातात. अलौकिक गोष्टींत हे प्रेम कायमच येत राहिलं, ते असं बुरखा घालून आणि मरण्याच्या अटीवर.

ज्यांनी बुरखा घातला नाही त्यांची कथा आणखी कठीण. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' लिहिली, दोन पुरुषांच्या प्रेमाची. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नाहीत. १९२१ साली देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे, तुकोजीराव पवारांकडे, ते खाजगी चिटणीस होते, म्हणजे मराठी दरबारात उठबस केलेला माणूस. तोवर ती कादंबरी लिहून सात वर्षं झाली होती आणि कुठेही छापलेली नव्हती. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की शेवट सुखाचा असणं अत्यावश्यक होतं, नाहीतर आपण लिहिण्याची तसदीच घेतली नसती. त्यांनी असंही म्हटलं, की शेवटी एकजण फासाला लटकलेला दाखवला असता तर छापायला अडचण आली नसती. अडचण सुखाची होती. 'मॉरिस' छापली गेली १९७१ साली, फॉर्स्टर वारल्यावर एक वर्षाने. अर्पणपत्रिका आहे 'अधिक सुखी वर्षाला'. अमेरिकेतही तेच. १९५२ साली दोन मुलींच्या प्रेमावरची 'स्प्रिंग फायर' निघाली, तेव्हा प्रकाशकाच्या संपादकाने लेखिकेला सांगितलं की शेवट गोड नको, नाहीतर पोस्टखातं पुस्तकं अडवेल. पोस्टखातं! सरकारी नोकरीतल्या तुम्हाला यातली गंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल.

म्हणून आज एखाद्या कादंबरीत दोन पुरुष शेवटच्या पानावर एका घरात राहायला जातात आणि कोणीच मरत नाही, तेव्हा लेखकाने सोपा मार्ग धरला असं मी म्हणणार नाही. या लेखकांना त्या शेवटाला पोचायला शंभर वर्षं लागली.

हे सगळं तिकडचंच का, असं विचारलंयत. आपली भुतं आठवून पाहा. मुंज्या म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर बसून राहिलेला. लावसट, जखीण, हडळ, बहुतेकींची काहीतरी इच्छा राहून गेलेली. आपल्याकडे अपुऱ्या इच्छेचंच भूत होतं, त्यामुळे भूत आणि प्रेम यांची सोयरीक आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि दोन बायकांची गोष्टही इथलीच आहे. राजस्थानातल्या बोरुंदा गावचे विजयदान देथा यांनी लोककथा ऐकून त्या आपल्या पद्धतीने लिहिल्या. त्यांची बीजा आणि तीजा यांची कथा मिळवून वाचाच. दोन सावकार आपापली मुलं जन्मायच्या आधीच त्यांची सोयरीक ठरवतात. दोघांनाही मुली होतात. एकजण लोभापायी आपली मुलगी मुलगा म्हणून वाढवतो आणि दोघींचं लग्न लावून मोकळा होतो. लग्नाच्या रात्री खरं कळतं, तरी दोघी एकमेकींना सोडत नाहीत. गाव उठतं, त्या रानात पळतात, आणि तिथे त्यांना आसरा देतो भुतांचा सरदार. माणसांनी हाकललेल्यांना भुतं घर देतात! पुढे नवरा झालेली बीजा त्याच्याकडून खरंखुरं पुरुषपण मागून घेते. मिळतं. आणि पुरुष झाल्याबरोबर तिची भाषा बदलते, हुकूम सुटू लागतात, तीजा तिला नकोशी व्हायला लागते. शेवटी ते पुरुषपण परत जातं आणि दोघी पुन्हा बायका म्हणून सुखाने राहतात. तुम्ही अ‍ॅपवर वाचलेल्या निम्म्या गोष्टी या एका कथेपुढे फिक्या पडतील.

अ‍ॅपवरून आठवलं. इथे मात्र थोडं बोलणार आहे. ती अ‍ॅप्स पहिले काही भाग फुकट देतात आणि मग नाणी घेऊन एकेक भाग उघडतात. गोष्ट तीन-चारशे भागांपर्यंत ताणतात, कारण ती संपली की कमाई संपली. महिन्याला किती गेले ते एकदा बघा. तेवढ्यात छापील पुस्तकं येतील, तीही कोणीतरी नीट संपादित केलेली. आणि त्या लांडग्यांच्या कथांतलं एक प्रकरण मला मनापासून आवडत नाही: नियतीने ठरवलेला जोडीदार. वास आला, ओळख पटली, आता तिला हो म्हणावंच लागणार. तो तिला उचलून नेतो, कोंडतो, पहारा ठेवतो, आणि हे सगळं प्रेम. अहो, पत्रिका जुळली म्हणून मुलीला न विचारता उभं करायचे, त्यात आणि यात फरक काय? छत्तीस गुण आणि वर शेपूट. वाचायला मजा येत असेल तर वाचा, मी पोलीस नाही. पण नकार दिल्यावर नायक थांबतो का, एवढं बघत चला. अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांत आत्महत्या, हिंसा असं काही असेल तर सुरुवातीलाच सूचना दिलेली असते, तीही नजरेखालून घाला.

आता तुमचा भाचा. हा भाग तुम्ही पत्रात चार ओळींत उरकलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलं असावं असं मला वाटतं.

त्याला पुस्तक देऊ नका. निदान 'हे तुझ्यासाठी' म्हणून तर अजिबात नाही. २६ वर्षांचा मुलगा लग्नाचा विषय निघाला की गच्चीत का जातो याची डझनभर कारणं असू शकतात. नोकरीचं खरं नसेल. प्रेमभंग झाला असेल. एखादी मुलगी असेल आणि तिची जात तुमच्या बहिणीला चालणार नसेल. त्याला लग्नच नको असेल. किंवा तुम्हाला वाटतंय तेही असेल. आपण बारा कादंबऱ्या वाचल्या म्हणून समोरच्याच्या आयुष्यातला तेरावा भाग आपल्याला दिसत नसतो. तुमचा अंदाज चुकला तर तो अवघडेल. बरोबर निघाला तर जास्तच घाबरेल: मावशीला कळलं म्हणजे कोणाकोणाला कळलं? घरात सांगायचं की नाही, कधी, कोणाला आधी, हे त्याने ठरवायचं. ते पुस्तकात गुंडाळून तुम्ही त्याच्या हातून काढून घेऊ नका. आणि बहिणीशी या अंदाजाबद्दल एक अक्षर बोलू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याच्या आईला तुमच्या तोंडून कळणं हे त्याचं नुकसानच.

मग करायचं काय? दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली, लग्नाचा विषय. पुढच्या वेळी सगळे जमले आणि 'मग, लाडू कधी?' सुरू झालं की तो विषय तुम्ही मोडा. थोरल्या मावशीचं वजन असतं. 'अरे त्याला जेवू द्या' एवढं म्हणालात तरी पुरे. तो मान वर करून तुमच्याकडे बघेल, त्याचा अर्थ लावत बसू नका.

दुसरी म्हणजे फोन उलटा ठेवणं बंद करा. खरंच. त्याच्यासमोर, बहिणीसमोर, गाडीत. कोणी विचारलं काय वाचताय तर जे आहे ते सांगा, जसं एखाद्या मालिकेबद्दल सांगाल तसं. 'एका सरकारी कारकुनाचं आणि अनाथाश्रम चालवणाऱ्या माणसाचं जमतंय, मुलं फार गोड आहेत, संपूच नये असं वाटतंय.' एवढं बोलून पोहे वाढायला उठा. त्याच्याकडे रोखून पाहू नका, कळलं का असा चेहरा करू नका. हे बोलणं फक्त पुस्तकाबद्दल असू द्या. त्यात त्याच्यासाठी काही असेल तर त्याला ते कळेल, नसेल तर मावशीला पुस्तकांचं वेड आहे एवढंच त्याला कळेल. घरातलं एक माणूस दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल आवाज न उतरवता बोलतं, ही माहिती कुठल्याही प्रश्नाशिवाय त्याच्यापर्यंत पोचते. आणि तुम्ही फोन घाईने उलटा केलात, तर तेही त्याला दिसतंच.

कधी त्याने सांगितलंच, तर 'मला आधीच माहीत होतं' असं म्हणू नका, सगळ्यांना ते वाक्य म्हणायचा मोह होतो. 'नक्की का?' असंही नको. कादंबऱ्यांतून शिकलेले शब्द त्याच्यावर चालवू नका. तो बोलेल ते शब्द वापरा. आणि अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम आता आड येत नाही हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. सुप्रीम कोर्टाने तो निकाल दिला ती ६ सप्टेंबर २०१८ ही तारीखही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा लग्नांना कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला, हेसुद्धा. म्हणजे तुमच्या कादंबऱ्यांतला शेवटचा प्रसंग आपल्या रजिस्ट्रारच्या कचेरीत अजून होत नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात लगेच 'मग लग्न कधी' असं मात्र विचारू नका, नाहीतर तो पुन्हा गच्चीत.

राहिली यादी. तो कारकून मी वर उगाच नाही आणला. टी. जे. क्लून यांची 'द हाऊस इन द सेरुलियन सी' ही २०२० सालची कादंबरी. नायक चाळिशीचा, पोट सुटलेला, जादुई मुलांच्या सरकारी खात्यात तपासणीस, नियमांचं जाडजूड पुस्तक सगळीकडे घेऊन फिरणारा. त्याला एका बेटावरच्या अनाथाश्रमाची तपासणी करायला धाडतात, आणि तिथल्या मुलांत खुद्द सैतानाचा मुलगा असतो. शरीराचं वर्णन जवळपास नाही, गोडवा भरपूर, एखाददुसऱ्या ठिकाणी मला तो जरा जास्तच झाला. फायलींचे विनोद तुम्हाला खास कळतील. याच लेखकाची 'अंडर द व्हिस्परिंग डोअर' चहाच्या दुकानात घडते, तिथे मेलेली माणसंही येतात. तिथे ती सुरुवातीची सूचना आधी वाचा, आत्महत्येचा विषय आहे. केसी मॅक्विस्टन यांची 'वन लास्ट स्टॉप' तर तुमच्यासाठीच लिहिलेली: न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत रोज एक मुलगी दिसते, दुसरीचा तिच्यावर जीव जडतो, आणि मग कळतं की ती १९७०च्या दशकातून त्या गाडीत अडकून पडलेली आहे. त्यात मोकळी वर्णनं आहेत, गर्दीत पान जपून उलटा. एडन थॉमस यांची 'सेमेटरी बॉइज' किशोरांसाठी आहे पण आपण वाचायला हरकत नाही. मांत्रिकांच्या घराण्यातल्या ट्रान्स, म्हणजे जन्मतः मुलगी मानल्या गेलेल्या, मुलाला घरचे मांत्रिक मानत नाहीत, तो ईर्ष्येने भूत बोलावतो, आणि आलेलं भूत जायला तयार नसतं. लेखक स्वतः ट्रान्स आहेत आणि घरच्यांचं ते अर्धवट स्वीकारणं त्यांनी फार अचूक पकडलंय.

मराठीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे १९८१चं नाटक आहे. त्या काळी दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगभूमीवर उभी करणं सोपं नव्हतं. पण ती मुलगी, मित्रा, शेवटी जगत नाही, आणि वर इतकं सगळं लिहिल्यावर तुम्हाला ते खटकेल. खटकू द्या, तरी वाचा. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. पुण्यातलं घर, वर राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात. अर्धी गोष्ट भाऊ सांगतो, अर्धी बहीण. जेरी पिंटोंनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, कुंडलकरांनीच पुढे सिनेमाही केला, पण तुम्ही मराठीच वाचा, त्यातली ती चारचौघांसारखी घरं आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता मराठीतच नीट ऐकू येते. शेवट गोड नाही, आधीच सांगून ठेवते. म्हणून ती आधी वाचा आणि क्लूनचा कारकून नंतर. उलट्या क्रमाने वाचलंत तर अख्खा रविवार खराब जाईल.